दोरसाफची ढाल

शिराझ : पुन्हा ढाल? दोरसाफ, तासाभरात चौथ्यांदा तू ढालीवर येतेयस.

दोरसाफ : कारण चौथ्यांदा तू मला तलवार देतेयस.

गस्सेन : मी जरा मध्ये बोलू?

शिराझ : नको.

गस्सेन : तुझा नवरा म्हणून नाही, गणिताचा मास्तर म्हणून बोलतो. दोरसाफ, हा कागद बघ. खेळात तू म्हणजे हा कागद. त्यावर लिहिलंय तेवढंच तुला येतं. शिराझ गोष्ट सांगणार, वाळवंट तिचं, लुटारू तिचे. तू काय करतेस ते तू सांगायचं, आणि ते जमलं की नाही ते हा वीस बाजूंचा फासा सांगणार. आता, वावटळ घेतलीस तर एका पाळीत तीन वार. ढालवाली घेतलीस तर एक. तीनास एक. यात भांडण्यासारखं काय आहे?

दोरसाफ : वावटळ म्हणजे ती दोन तलवारींची बाई ना? वाळूवरून पळत जाते ती.

शिराझ : पळत नाही, गिरकी घेते. तिच्या जमातीतल्या बायका पाणी राखतात. अंगावर चिलखत नाही, साधा सुती झगा. कुणाच्या नजरेस पडायच्या आत वार करून परत. अगं, डोळ्यांसमोर आण जरा.

दोरसाफ : आणलं. दम लागला.

गस्सेन : मग भालावाली घे. उंटावर बसायचं, पळायचं काम उंटाचं.

दोरसाफ : दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून गाडी चालवायला शिकवते मी. सुट्टीच्या दिवशी उंटाचा लगाम नको.

गस्सेन : धनुर्धारी?

दोरसाफ : ढाल.

गस्सेन : बरं, हिशेब करू. ढालवालीला लोखंडी चिलखत लागतं. वाळवंटात चिलखत घातलं की दर दुपारी उन्हाचा फासा टाकावा लागतो. पाच दुपारींतल्या दोन दुपारी तू चक्कर येऊन पडणार. लुटारूंनी हात लावायच्या आत.

दोरसाफ : मग चामड्याचं घालीन.

गस्सेन : म्हणजे वार एक, चिलखत अर्धं. एवढं वाईट पात्र मी आजवर पाहिलं नाही.

शिराझ : तीन महिने, दोरसाफ. तीन महिने मी ही गोष्ट रचतेय. मिठाच्या सरोवरावरून काफिला चाललाय, लुटारू येतात, आणि वावटळ एकटी पुढे धावते. पहिलाच प्रसंग. बाकीचे दोघं पाचला येतील, त्यांची पात्रं कधीच तयार आहेत, एक वैद्य, एक चोर. सगळी गोष्ट तुझ्यावर उभी आहे.

दोरसाफ : माझ्यावर काही उभं करू नकोस. त्याचाच कंटाळा आलाय मला.

शिराझ : आख्ख्या ट्युनिसच्या तलवारबाजीत तुझ्याइतका वेगवान हात नव्हता. अल्जीयर्सच्या मुलींना सोडतीत तुझं नाव आलं की घाम फुटायचा. एझ्झाहराच्या क्लबात अजून तुझा फोटो आहे. आणि तू मला सांगतेस की उंटाच्या कातड्याची ढाल धरून एका जागी उभी राहणार?

दोरसाफ : हो.

शिराझ : हे सगळं मी तुझ्यासाठी लिहिलं.

दोरसाफ : मी मागितलं नव्हतं.

गस्सेन : चहा टाकू? चिलगोझे घालून?

शिराझ : नको.

दोरसाफ : नको. शिराझ, तू मला ही वावटळ का देतेयस ते मला कळत नाही असं वाटतं का तुला? चौदा-चौदा.

शिराझ : त्याचा इथे काही संबंध नाही.

गस्सेन : संघनिवडीचा सामना ना? शेवटची एक जागा, तुम्ही दोघी समोरासमोर, चौदा-चौदा. पंधरावा वार जिची तलवार लावेल ती संघात.

दोरसाफ : नवऱ्याला पाठ आहे वाटतं.

गस्सेन : वर्षातून दोनदा ऐकतो.

शिराझ : मग आज तिसऱ्यांदा ऐक. तिचा गुडघा फिरला. पंचानं थांबा म्हटलं नव्हतं, पण मी पाहिलं होतं. अर्धा श्वास होता माझ्याकडे. थांबता आलं असतं. मी वार केला. ती जमिनीवर, आणि मी मुखवटा काढून हात वर केले. त्यानंतर तिनं कधी तलवार धरली नाही.

दोरसाफ : तुझ्या जागी मीही वार केला असता.

शिराझ : नेहमी हेच म्हणतेस. मोठ्या मनानं.

दोरसाफ : मोठं मन नाही गं. येज्जी, पुरे झालं आता, ऐकच. गुडघा त्या दिवशी गेला नाही. तीन आठवडे आधीपासून दुखत होता. कुणाला बोलले नाही. आणि तो फिरला तेव्हा, खाली पडता पडता, माझ्या मनात पहिलं काय आलं ठाऊक आहे? सुटले.

शिराझ : काय?

दोरसाफ : सुटले. दोन वर्षं मला खेळायचंच नव्हतं. बाबा पहाटे साडेपाचला गाडीत बसवायचे. कोच ओरडायचे, पुढे, पुढे, अजून पुढे. नऊ वर्षांची असल्यापासून पुढे. कुठल्या तोंडानं सांगणार होते की मला थांबायचंय? गुडघ्यानं माझ्या वतीनं सांगून टाकलं.

शिराझ : सहा वर्षं.

दोरसाफ : हं.

शिराझ : सहा वर्षं दर रमजानात मी तुझ्या घरी शोरबा घेऊन येतेय.

दोरसाफ : चांगला असतो.

शिराझ : हसू नकोस. तोंडावर हसू आणलंस तर हे फासे फेकून मारीन. तुला माहिती आहे मी का सोडलं?

दोरसाफ : नोकरी लागली म्हणून. तूच सांगितलंस.

शिराझ : ज्या स्पर्धेसाठी ती संघनिवड होती, तिच्यात पहिल्याच फेरीत मी बाहेर पडले. समोरच्या मुलीचा पाय जरा लटपटला आणि माझा हात थांबला. तिनं त्याच वेळी माझ्या खांद्यावर वार लावला. पुढच्या वर्षी तेच. घरच्या सरावातसुद्धा तेच. समोरची जराशी चुकली की माझा हात हवेत. अशा मुलीला कोण संघात ठेवणार? तू सुटलीस म्हणतेस. मी अडकले.

दोरसाफ : मला हे माहीत नव्हतं.

शिराझ : कसं असेल. तुला सोयीचं होतं.

दोरसाफ : होतं. खोटं कशाला बोलू. तू यायचीस, उशीला टेकवून बसवायचीस, बाबांना म्हणायचीस की सगळी चूक तुझी. मग मला काहीच सांगावं लागायचं नाही. कुणीतरी दुसरं अपराधी असलं की बरं पडतं. चुकलं माझं.

शिराझ : चुकलं? एवढंच?

दोरसाफ : अजून काय म्हणू? तुझी सहा वर्षं मी कुठून आणू?

(शिराझ उठून खिडकीपाशी जाते.)

गस्सेन : मी एक गोष्ट विचारतो, मग हवं तर मला स्वयंपाकघरात हाकला. दोरसाफ, तू डावखुरी आहेस?

दोरसाफ : नाही. का?

गस्सेन : ह्या कागदावर वावटळ डावखुरी आहे. लांब तलवार डाव्या हातात, आखूड उजव्या. तीन महिन्यांत शिराझनं हा कागद अकरा वेळा खोडून लिहिला. मी मोजलंय. वजन बदललं, घोड्यापेक्षा पायानं वेगवान केली, झग्याचा रंग बदलला. डावा हात अकराही वेळा तसाच.

दोरसाफ : डावखुरी शिराझ आहे.

गस्सेन : तेच म्हणतोय.

शिराझ : चुकून राहिलं असेल.

गस्सेन : अकरा वेळा?

दोरसाफ : दे तो कागद इकडे. खोडरबर कुठे आहे? हे बघ, दोरसाफ नाव खोडलं. घे. ही तू खेळ.

शिराझ : मी गोष्ट सांगणार आहे. गोष्ट सांगणाऱ्याला पात्र घेता येत नाही.

दोरसाफ : आज गोष्ट गस्सेन सांगेल.

गस्सेन : मला गोष्ट येत नाही. मला बेरीज येते.

शिराझ : त्याला खरंच येत नाही. लेकीला कोल्ह्याची गोष्ट सांगताना कोल्ह्याचं वजन सांगत बसतो.

गस्सेन : तिनंच विचारलं होतं.

दोरसाफ : तुझी वही त्याला दे, त्यात सगळं लिहिलेलं आहे ना. त्यानं वाचून दाखवायचं.

शिराझ : मी अजून तुझ्यावर चिडलेय, दोरसाफ. हे असं नाव खोडून संपणार नाही.

दोरसाफ : नाहीच संपणार. पुढच्या रविवारी येऊन अजून चीड. त्याच्या पुढच्याही. मी येईन ऐकायला. पण त्या बाईला तू तीन महिने उन्हात उभं केलंयस, तिला एकदा चालू तरी दे.

गस्सेन : थांबा, ढालवालीचा कागद तरी भरू. वार एक. चामड्याचं चिलखत, म्हणजे उन्हाचा फासा नाही, ठीक. आणि हा खाली बारीक अक्षरात काय नियम आहे? "ढाल टेकवून उभी असेल तोवर तिच्या शेजारच्या साथीदारावर पहिला वार लागू होत नाही." हा मी वाचलाच नव्हता.

दोरसाफ : मी वाचला होता. तासभर त्याच्यासाठीच भांडतेय.

गस्सेन : मग आधी सांगायचं ना. हिशेबच बदलतो.

शिराझ : वही नीट धर. ते पान नाही, पुढचं. आणि घसा साफ करून वाच, हजेरी घेतल्यासारखं नको.

गस्सेन : बरं. मिठाचं सरोवर आहे. लांबी अंदाजे...

शिराझ : लांबी नको.

गस्सेन : सरोवर आहे. कोरडं. इतकं पांढरं की डोळे मिटावेसे वाटतात. काफिला थांबलाय. उंट बसायला तयार नाहीत, त्यांना वास आलाय कसला तरी. हे छान लिहिलंयस.

शिराझ : वाच.

गस्सेन : समोरून लुटारू येतायत. सात. दोरसाफ, तू काय करतेस?

दोरसाफ : शिराझच्या शेजारी जाऊन ढाल टेकवते. तिथून हलत नाही.

गस्सेन : शिराझ, तू? ... शिराझ, बोलली नाहीस तर पाळी जाते. नियम तुझाच आहे.

शिराझ : सगळ्यात जवळचा किती पावलांवर आहे?