न दिलेली आरोळी

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. देवाशी समेट करायचा, तर पहिलं पाऊल कुणी टाकायचं — माणसानं की देवानं? घाईनं उत्तर देऊ नका. पुढच्या रांगेनं तर मुळीच देऊ नये. पुढं बसणाऱ्यांना उत्तरं पाठ असतात, आणि आजची गोष्ट पुढच्याच रांगेतल्या माणसाची आहे.

नेवाशाकडच्या एका गावात शांतवन पगारे राहायचा. नाव शांतवन. शांतीचं काय, ते ऐका.

विहिरी खोदायचा त्याचा धंदा. खडक लागला की सुरुंग भरायचा आणि वात पेटवण्याआधी चारी दिशांना आरोळी द्यायची — "सुरुंग हाय, लांब व्हा!" ही त्या धंद्यातली रीत. जोडीला त्याचे दाजी एलिया, म्हणजे थोरल्या बहिणीचे, साराबाईचे मालक.

एक दिवस काम उरकायची घाई होती. शांतवनला वाटलं, दाजी जेवायला घरी गेले, रानात आहे कोण ऐकायला? त्यानं आरोळी न देताच वात पेटवली. आणि दाजी बांधावरून पाण्याची कळशी घेऊन येत होते. दगडाच्या कपच्या तोंडावर बसल्या. दोन्ही डोळे गेले.

गाव गोळा झालं. कुणीतरी विचारलं, "आरोळी दिली व्हती का?"

"दिली की," शांतवन म्हणाला. "दाजींचंच ध्यान नसंल."

झालं. डोळे गेले दाजींचे, आणि चूकही दाजींचीच ठरली! दाजी काही बोलले नाहीत. घरी बसून खाटा विणायला लागले.

इकडं शांतवन फार धार्मिक झाला. दर शुक्रवारी उपास. दर नाताळाला चर्चला चुना, तोही स्वतःच्या हातानं. प्रार्थना तर अशी लांब करायचा, की म्हाताऱ्या मंडळींची एक झोप व्हायची. लोकांनी त्याला चर्चच्या पंचमंडळात घेतलं. सगळे म्हणायचे, काय भक्ती आहे! आणि या भक्ताला अंथरुणावर डोळा मिटता येत नव्हता. मिटला की धुरळा दिसायचा.

म्हणून त्यानं उपास वाढवले. चहा सोडला. मग चप्पल सोडली. शांती येईना. पाय मात्र भेगाळले.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे आला. पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, "बाबांनो, ख्रिस्तानं क्रूसावर समेट पुरा केलाय. त्यात आपण भर घालायची नाही. आपण खरं बोलायचं आणि तो समेट हात पसरून घ्यायचा."

दरवर्षी ते हेच सांगायचे, आणि दरवर्षी शांतवन मान डोलवायचा. त्या दिवशी मान हलली नाही. उपासना संपली, तसा तो अनवाणी थेट बहिणीच्या अंगणात गेला. दाजी लिंबाखाली खाट विणत होते. साराबाई पाण्याला गेली होती.

"दाजी, मी आरोळी दिली नव्हती."

दाजींनी सुंभ ओढून गाठ मारली. "ठावं हाय."

"कसं?"

"माझं डोळं गेलं, शांतवन. कान हायेत."

"मग बोलला का नाही?"

"आधी रागानं बोललो नाही. लई राग व्हता. तुझं नाव निघालं की जेवण कडू व्हायचं. मग प्रभूपुढं रडलो, भांडलो बी. त्यानं मला काय काय माफ केलंय, ते आठवलं. मग तुला माफ केलं. त्याला लई दिस झालं. तुझी वाट बघत व्हतो, तर तू चुना लावण्यात गुंतलेला."

शांतवन खाली बसला. "मी आता काय करू, दाजी?"

"माझी माफी तुला हायेच. पण मनाची शांती माझ्या हातात न्हाई. ज्याच्या हाताला खिळ्याचं वण हायेत, त्याला माग."

लांबलचक प्रार्थना करणारा तो माणूस. शेवटी एवढंच बोलला, "प्रभू येशू, मी आरोळी दिली नाही. मी खोटं बोललो. मला पदरात घे." आणि लेकरासारखा रडला. दाजींनी चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, सगळं गोड झालं. नाही झालं. रविवारी त्यानं चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून खरं सांगितलं. पंचमंडळातून काढला. विहिरीचं काम कुणी देईना. साराबाईनं तोंडावर दार लावलं. मान गेला, धंदा गेला, बहीण तुटली. आणि मंडळी, त्याच दिवसांत शांतवनला झोप लागू लागली. बायकोला वाटलं, आजारी पडला.

साराबाई पुढच्या नाताळापर्यंत बोलली नाही. बोलली तेही इतकंच — "जेवून जा."

लोकांच्या कौतुकावर टेकलेली शांती लोक काढून घेतात. ही कुणाला काढता आली नाही, कारण ती लोकांनी दिलीच नव्हती. ख्रिस्तानं ती आधीच मिळवून ठेवली होती. शांतवननं फक्त खरं बोलून हात पुढं केला.

आता तुमचं सांगा. देव तुमच्यावर रुसलाय म्हणून तुम्ही त्याला काय काय वाहताय? आणि जे सांगायचं, ते सोडून बाकी सगळं सांगताय का?

आता भजन नको, टाळ खाली ठेवा. पेटीही राहू द्या. मी प्रार्थना करणार नाही. तुमचं तुम्ही त्याच्याशी बोला. मी इथं उभा आहे, घाई नाही.