काय नाही, याचा कागद

“हॅलो?… हो, सुलक्षणाच बोलतेय. बोल गं कमल… जरा मोठ्याने. अंबादास, दोन मिनिटं थांबवा ते ड्रिल!… हं, बोल. वॉर्डातूनच करतेयस ना फोन? मुलुंडला सगळं ठीक?”

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात शांतता पसरली. टेबलावर, कमल काम करी त्या मुलुंडच्या रुग्णालयासाठी केलेला बोर्ड पडला होता. स्त्रियांच्या वॉर्डात खाटेजवळचे बटण दाबले, की नर्सच्या टेबलापाशी त्या नंबरचा दिवा लागावा. असे चोवीस दिवे, चार सरळ रांगांत, पाढ्यासारखे. आज मंगळवार होता. उद्घाटन गुरुवारी.

“घड्याळ?… बोर्डात? भिंतीवर आहे की… श्यामकांत साहेब म्हणाले? बरं, आणि?… त्यांच्या वडिलांचं नाव? दिव्यांत?… लुकलुकणारं! अगं, दवाखाना आहे की गणपतीचा मंडप?… हसू नकोस… आणि सकाळी भूपाळी लागायला हवी. संपलं, की अजून आहे?”

सुलक्षणाने शांतपणे फाइल उघडली. प्रत्येक कामाचे ती दोन कागद करी. एकावर काय करायचे ते, दुसऱ्यावर काय करायचे नाही ते. दुसऱ्या कागदाला लोक हसत, आणि हसता हसता सही करून जात.

“ऐक, वाचते. ‘घड्याळ नाही. लाउडस्पीकर नाही. देणगीदारांची नावे नाहीत.’ खाली सही कोणाची?… त्यांचीच. फेब्रुवारीतली… विश्वस्त असले म्हणून काय झालं?… लहानसंच काम आहे, मान्य. पण अशी तीन लहानशी कामं मिळून शनिवार उजाडतो, कमल… हो, हो… अगं ऐक ना. दाराशी संगमरवरी पाटी लावा म्हणावं. ती कधी विझत नाही. खूश होतील… मॉनिटर तर मॉनिटर! शाळेत मी तुझं नाव फळ्यावर लिहिलं, ते अजून विसरली नाहीस?… बरं, आणखी काय?”

“द्रौपदीमावशी?… तुमच्या वॉर्डातल्या आया? त्यांचं काय?… आकडे वाचता येत नाहीत… मग शिकवा की, दोन दिवस आहेत… काय? पुन्हा सांग… वॉर्डात नंबर कोणीच वापरत नाही? मग खाटेला म्हणतात तरी काय?… ‘खिडकीची’… ‘मोरीजवळची’…”

सुलक्षणाची पेन्सिल थबकली. तीनदा ती मुलुंडला गेली होती, तीनदा ऑफिसात चहा पिऊन, साहेबांच्या नकाशावरचे नंबर उतरवून परतली होती. दिवा लागल्यावर उठून धावायचे कोणी, हे विचारायचे राहूनच गेले. टेबलावरच्या त्या देखण्या रांगा तिला एकाएकी परक्या वाटू लागल्या. दुखणे काही असे पाढ्यात बसत नाही.

“नाही गं, हे वाढीव नाही. हे मुळातलंच आहे. चुकलं माझं… हो, चुकलं म्हणाले, तारीख लिहून ठेव! मावशींना फोन दे… दे तर.”

“नमस्कार मावशी. मी बोर्डवाली… अहो, घाबरताय काय? मला एवढंच सांगा, दारातून आत आलं की उजव्या हाताला पहिली कोणती?… ‘दाराआडची’. मग?… सावकाश… बोर्डावर मी तुमचा वॉर्डच काढते. जिथे खाट, तिथे दिवा. वाचायचं काहीच नाही… हं, पुढे…”

कागदावर हळूहळू एक वॉर्ड उमटू लागला.

“…नळाजवळची, तेवीस. देवाच्या फोटोखालची, चोवीस. झालं… अजून एक? मावशी, कागदावर चोवीसच आहेत… व्हरांड्यातली?… गर्दी झाली म्हणून टाकली होती… आणि दोन वर्षं तिथेच आहे… कोण सुंदराबाई?… त्या खाटेवरच्या… बरं… दुपारी, जेवणं वाढायच्या वेळी… हाका मारत होत्या… कोणालाच नाही ऐकू आल्या?… आणि गेल्या?…”

अंबादासांनी हातातले ड्रिल खाली ठेवले.

“म्हणून हा बोर्ड करायचं ठरलं?… मला कोणी सांगितलंच नाही, मावशी.”

तिने पहिल्या कागदावरचा चोवीसचा आकडा खोडला आणि वर पंचवीस लिहिले. सहीसाठी ती थांबली नाही.

“कमल? गुरुवारी सकाळी दहाला बोर्ड घेऊन येते. घड्याळ नाही, नाव नाही, भूपाळी नाही. दिवे पंचवीस… होईल गं. आतल्या तारा त्याच, पुढचा पत्रा तेवढा नवा… साहेबांची सही मागाहून घे. आधी मावशींचा अंगठा… हो, त्याच कागदावर… आणि टेबलापासून व्हरांड्यातल्या खाटेपर्यंत पावलं मोजायला सांग त्यांना. तेवढी वायर लागेल… मोजता येतं गं त्यांना, वाचता येत नाही एवढंच… थांबते मी. थांबते म्हटलं ना.”

रिसीव्हरमध्ये चपलांचा आवाज दूर दूर जात राहिला, आणि त्यावर एक म्हातारा, निश्चयी स्वर.

“…अठरा… एकोणीस… हं, ऐकू येतंय, मावशी… वीस… हॅलो?… हॅलो?”

लाइन गेली होती. सुलक्षणाने रिसीव्हर ठेवला, विसापुढे दहा पावले अधिक धरली, आणि वळली.

“अंबादास, नवा पत्रा काढा. पंचवीस भोकं. पहिलं व्हरांड्याचं पाडा.”