साडीआडचा तास

लॉकडाऊन उठल्यावर मी एसटीनं किल्लारीहून लातूरला निघाले होते. मागच्या बाकावर एक आजी आणि तिची नात बोलत होत्या. पूर्वी या एसटीत भूकंपाच्या गोष्टी निघायच्या, आता क्लासच्या निघतात.

"आज्जे, लातूरला पोचलो की सरांना सांगून क्लासातनं नाव काढून घेते. घरी बसून ऑनलाईन माझ्याच्यानं व्हत न्हाई."

"का गं राजकन्या? भिंतीवर टाईमटेबल लावलंस की."

"ते भिंतीलाच पाठ झालंय. तास सुरू झाला की आई म्हणती दूध बघ, दादा म्हणतो मोबाईल दे. अन् तू पुढ्यात लसूण सोलत सरांनाच विचारतीस, जेवलात का!"

"लेकरू तिकडून कवाचं बोलतंय, विचारू नको व्हय?"

"सगळी पोरं हसली."

"बरं, ऐक. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात आम्ही सात माणसं. तुझी आत्या दहावीला. मी मधी साडी बांधली. साडी ओढली की पोरगी शाळेत गेली म्हणायचं. कुणी हाक मारायची न्हाई."

"आजोबांनी बी न्हाई?"

"एकदा मारली, चहासाठी. त्या दिवशी चहा बी न्हाई, जेवण बी न्हाई."

"आज्जे!"

"पास झाली का न्हाई आत्या?"

"मग मला बी तसाच आडोसा बांधतीस?"

"आजच. साडीआड गेलेला मोबाईल तुझा. मी बी येणार न्हाई, लसूण घिऊन. पर आत झोपलीस तर साडी मीच सोडीन."

"चालतंय."

"ओ कंडक्टर, आम्हाला औशालाच उतरवा."

"आजी, तिकीट लातूरचं हाय."

"असू द्या की. माघारी फिरून पोरीचा दुपारचा तास गाठायचाय."