तेवीस रविवार

नाही हो, बिघाड नाहीये तो. तुम्ही खटका ओढायच्या आधीच गिअर बदलला, एवढंच ना? हाताने बदलायच्या मोडवर टाकलीये आणि तरी बदलला — कळलं मला, शेजारीच तर बसलेय. गाडी विकत घ्यायला आलेल्या माणसाने विचारायलाच हवं ते. अशा स्पोर्ट्स कार कारखान्यातून येतात तेव्हा असं करत नाहीत, बरोबर आहे तुमचं. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा लाल रेघेला टेकला की अडून बसतात, इंजिन उचक्या देत राहतं, पण स्टिअरिंगमागचा खटका तुम्ही ओढल्याशिवाय पुढचा गिअर काही पडायचा नाही. हिचा पडतो. हिला तसं शिकवलंय — मीच शिकवून घेतलं मेकॅनिककडून, डॉक्टरांना न सांगता. डॉक्टर म्हणजे आमचे हे. दातांचे डॉक्टर. लग्नाआधी माझी दाढ काढली होती त्यांनी, तेव्हापासून मी डॉक्टरच म्हणते. माणूस गेला तरी जीभ काही सुधारत नाही. पुढे वळण आहे, जरा सावकाश घ्या. आम्ही दर रविवारी सकाळी यायचो ह्या ट्रॅकवर.

उजव्या हाताची बोटं बधिर झाली त्यांची. मानेतली नस दबली होती. मूठ वळायची, स्टिअरिंग धरता यायचं, पण एकेका बोटापर्यंत हुकूमच पोचायचा नाही — आणि दातांच्या डॉक्टरकडे बोटांशिवाय असतं काय, सांगा. दवाखाना बंद केला. दिवसभर खिडकीपाशी बसायचे. एका रविवारी मीच ओढून आणलं इथे, म्हटलं, चला, तुमची लाडकी वाट बघतेय. तर लाल रेघेला टेकल्याशिवाय गिअर बदलायचा नाही हा ह्यांचा बाणा, आणि खटका ह्याच हाताचा. ओढलाच गेला नाही. इंजिन अडखळतंय, हे ओढतायत — तो चेहरा मला बघवला नाही. दुसऱ्या दिवशी मी मेकॅनिककडे गेले. त्याने लॅपटॉप जोडला, दहा मिनिटांचं काम. पुढच्या रविवारी काटा लालवर गेला, ह्यांनी बोट टेकवलं, आणि टक्कन बदलला. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस?" मी म्हटलं, "वा, डॉक्टर." त्या दिवशी पोटभर जेवले, कित्येक महिन्यांनी. मग दर रविवारी तेच. खोटं बोलावं तर रेटून, तसं मी रेटत राहिले.

अंगाशी आलं ते. त्यांना वाटलं, हात आला — आणि वाटणारच, रोज उठून मीच तर कौतुक करत होते. एक दिवस बाजारातून येताना बघते तर दवाखान्याचं कुलूप काढलेलं, शेजारचे काका खुर्चीत आ वासून बसलेत, आणि ह्यांच्या हातात ड्रिल. चालू. काय करायला हवं होतं मी? हळूच बाहेर बोलवायला हवं होतं. कळतं हो मला, आता सगळं कळतं. पण तोंडातून निघून गेलं, काकांच्या देखत — "अहो, गिअर तुम्ही नाही बदलत, गाडी बदलते." त्यांनी ड्रिल बंद केलं. काकांना म्हणाले, चौकातल्या डॉक्टरांना दाखवा. मग हात धुतले, पार कोपरापर्यंत, पूर्वी धुवायचे तसे. घरी येताना एकच विचारलं, "किती रविवार?" मी म्हटलं, तेवीस.

पुढचं मला ठाऊकच नव्हतं, मेकॅनिकने गेल्या महिन्यात सांगितलं. हे एकटे गेले होते त्याच्याकडे, म्हणाले, ते काढून टाक. त्याने काढलं. इथे आले. अख्खी फेरी इंजिन उचक्या देत होतं म्हणे, आणि हे ओढतायत, ओढतायत. मग परत त्याच्याकडे — म्हणाले, बसव पुन्हा, होतं तसं. तिला "वा" म्हणायला आवडतं.

आणि त्यानंतरच्याच रविवारी मला विचारलं होतं, "येतेस का?" बूट घालून दारात उभे. आणि मी — तोंड दाखवायची लाज वाटत होती मला, दुसरं काही नाही — मी म्हटलं, कपडे भिजवलेत, तुम्ही या जाऊन. गेले नाहीत ते. घराबाहेरच गाडीत बसून राहिले तासभर, मग आत येऊन चावी खिळ्याला लावली. पुन्हा कधी विचारलं नाही. तीन महिन्यांनी झोपेतच गेले. कपडे कुठले, बादली रिकामी होती. नुसतं जाऊन बसायचं होतं हो शेजारी. चोविसावा झाला असता.

असो. तुम्हाला नको असेल तर मेकॅनिक काढून देईल ते, दहा मिनिटांचं काम. हा सरळ रस्ता आला बघा. आता एक करा माझ्यासाठी. दाबा. खटक्याला नुसतं बोट टेकवा, ओढू नका. जाऊ दे काटा. जाऊ दे, जाऊ दे —

वा, डॉक्टर.

काही नाही. तुम्हाला नाही म्हटलं. इथे बाजूला घ्या आणि उतरा तुम्ही. ट्रॅकचं फाटक काही लांब नाही, चालत जाल. गाडीचं मग कळवीन. दार तेवढं लावून घ्या.