कोंडीतल्या माशांची सोयरीक

...नाही, तुम्हीच सांगा, माणसानं चिडायचं तरी कुणावर? नॉर्वेच्या थंडीत कुडकुडत माशांचं जनुकशास्त्र शिकलो, तिथली नोकरी सोडून गावी आलो, कशासाठी? दिवेआगरच्या मागे डोंगरात आमच्या ओढ्याची कोंड आहे, खोल डोहच म्हणा, त्यातल्या बोटभर माशासाठी! शेपटीचा तिळाएवढा तुकडा कापून घ्यायचा, मासा परत पाण्यात. डीएनए तपासला तर काय? असा मासा जगात दुसरीकडे नाही! दिघीकडच्या ओढ्यातला दिसतो डिट्टो, पण दोघांच्या वाटा लाखो वर्षांपूर्वीच वेगळ्या झालेल्या! शास्त्रात अजून नावसुद्धा नाही त्याला, ते मी ठेवणार होतो... रडलो हो आनंदानं!

मग देवळात सभा घेतली. सोपं करून सांगावं ना लोकांना? म्हटलं, "मासे थोडेच उरलेत, सगळे सख्खे-चुलत, आपसातच जोड्या लावतात, म्हणून पिल्लं जगत नाहीत. तुम्ही फक्त ब्लिचिंग पावडर टाकून मासे मारणं थांबवा." शेवटचं वाक्य ऐकलं कुणी? आमच्या भावकीतले थोरले भागोजीकाका ताडकन उठले, "भावकीतच लग्नं? आपल्या गावात? न्हाय चालायचं!" मनुकाकी तोंडाला पदर लावून, "शिव शिव! आन् ह्यो शिकलेला नुसता बगत बसलाय!"

चिडायचं कुणावर?

नमुने द्यायला पुण्याला गेलो, परत येतो तर कोंडीवर सनई! मोबाईलवरची, पण सनई! दिघीकडच्या ओढ्यातले मासे कळश्या भरभरून आणलेले, टमटममधून, वर फडकं बांधून! पाण्यात हळद, अक्षता तरंगतायत, आणि मासे लेकाचे अक्षता खातायत! मी ओरडलो, "काका, दोघांचं रक्त मिसळलं की आपला मासा संपला!" काका कसे प्रेमानं, "संपला? आरं, संसार लागला त्याचा! रूप सारखं, पानी सारखं, आन् घरानं लांबचं. यापेक्षा चांगली सोयरीक हाय का?"

वेगळे काढू म्हणता? कसे? डोळ्यांना सगळे सारखेच! प्रत्येकाची शेपटी तपासायला कात्री घेऊन गेलो, तर काकी आडवी, "हळदीच्या अंगाला कात्री लावतोस, मेल्या?"

लाखो वर्षं, एका दुपारीत खलास! आणि चिडायचं कुणावर? पावडर बंद केलीय हो त्यांनी! "सुनांच्या घरात इख कसं टाकायचं?" म्हणतात.

काल कोंडीत पिल्लंच पिल्लं. काकांनी मला ओढत नेलं, हातात पेढा दिला, "बारसं हाय. मासा तू शोधलास, नाव तूच ठेव."

...ठेवलं. पेढाही खाल्ला.