घोडा कुणाचा?

...आणि वर हा मिलूद मलाच सांगतो, "दाजी, जरा बाजूला उभे राहा, घोडा बुजतो." म्हणजे माझाच घोडा, माझ्याच अंगणात, मला बघून बुजतो! अहो, तुम्हाला सांगतो, मबरूक जन्मला तेव्हा त्याला पहिला हात लागला तो माझा, त्याच्या आईनं लाथ मारली ती मला, हे बघा, इथं गुडघ्यावर, अजून थंडीत ठणकतो, आणि मिलूदच्या गुडघ्याला काय झालंय? काही नाही. आणि घोडा कुणाचा? माझा.

हा मिलूद म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. कामधंदा काय, तर बाजारात मोबाइलची कव्हरं विकतो, म्हणजे सकाळी दुकान उघडतो आणि समोरच्या कॅफेत जाऊन बसतो. बसण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, म्हणूनच की काय, मुकद्दमनं त्याला माझ्या घोड्यावर बसवला. मुकद्दम म्हणजे आमच्या गावच्या पथकाचा म्होरक्या. उरुसात पंधरा घोडे एका रांगेत उधळायचे, मैदानाच्या टोकाला पंधरा बंदुकांचा बार उडवायचा, आणि आवाज आला पाहिजे एक. दोन आले की गेले गुण. आता मी गेलो होतो हो मुकद्दमकडे, नाही असं नाही... म्हटलं घोडा माझा, बंदूक माझ्या आजोबांची, मीच बसतो. सराव घेतला. चौदा बंदुका म्हणाल्या धाड. मग जरा शांतता. मग माझी म्हणाली धाड. जुनी बंदूक आहे, विचार करून बोलते, त्यात माझा काय दोष? तर मुकद्दम मिशीवरून हात फिरवत म्हणतो, "बुशैब, तू घोडा पाठव. आणि घरी बसून कुसकुस खा."

कुसकुस खा! बरं, मी घरी बसून कुसकुस खात होतो का? पहाटे गिरणी उघडायच्या आधी घोड्याला जव, घोड्याला पाणी, खरारा, खूर साफ, आणि बंदुकीच्या आवाजाला बुजू नये म्हणून परसात आजोबांची बंदूक घेऊन रोजचा सराव. धाड! शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून शिव्या देणार, आणि मबरूक दचकायच्या आत मी "शाब्बास, मबरूक" म्हणून त्याच्या तोंडात खिशातला खजूर कोंबणार. धाड, शाब्बास, खजूर. धाड, शाब्बास, खजूर. असा तयार झाला की कानाशी बंदूक उडाली तरी पापणी हलवायचा नाही, शाब्बास कुठून येतंय तेवढं बघायचा. ही मेहनत कुणाची? मिलूदनं काय केलं? मिलूदनं पांढरे कपडे इस्त्री केले. तेही माझ्या बायकोनं करून दिले.

आणि कर्ण्यावर काय सांगतात? मुकद्दमचं नाव सांगतात, स्वाराचं सांगतात, घोड्याचं सांगतात... आणि मालक? मालक काय मेला? दरवर्षी मी कान टवकारून बसतो, आता घेतील, आता घेतील, एकदा हो, एकदाच, सगळ्या उरुसाला ऐकू जाईल असं माझं नाव, बाकी मला आयुष्यात काही नको. बायकोला, इज्जाला, बोललो तर म्हणते, नावाचं काय घेऊन बसलात, घरातलंच आहे ना सगळं? आणि लगेच भावाकडे बघून जीभ हलवत असा किलकिलाट करते की बाजूचे कानात बोटं घालतात. मी नवरदेव होऊन आलो तेव्हा एवढा केला नव्हता. शहरातली एक बाई मुलाला सांगत होती, बघ, काकांचा घोडा किती देखणा, आणि मिलूद हसला. नुसता हसला! "माझा नाही" म्हणायला काय दात दुखत होते? घोडा कुणाचा? माझा!

तर यंदाचं ऐका. दरवर्षी मी सुरुवातीच्या टोकाला गर्दीत असतो, बार उडतो तिकडे लांब, मला दिसतो फक्त धूर. यंदा ठरवलं, जवळून बघायचं. दोरीपाशी गेलो तर छातीवर बिल्ला लावलेला एक जण म्हणतो, स्वार आहात का? म्हटलं मालक आहे. म्हणतो, मग मागे व्हा. झालो मागे. इतका मागे झालो की वळसा घालून थेट शेवटच्या टोकाला, पंचांच्या मंडपामागे पोचलो आणि कनातीच्या फटीला डोळा लावला. समोर पंच, त्यांच्यापुढे टेबल, टेबलावर दूध आणि खजूर.

आणि आले हो आमचे घोडे. जमीन हादरत होती. मुकद्दमनं आरोळी ठोकली, पंधरा जण रिकिबीत उभे राहिले, आणि... एक. काय सांगू तुम्हाला, एकच आवाज, पंधरा बंदुकांचा एक. थोरले पंच उठून उभे राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. आणि तोंडातून निघून गेलं, कुणाच्याही गेलं असतं...

"शाब्बास, मबरूक!"

चौदा घोडे जागच्या जागी थांबले. मबरूकनं मान वर केली. मिलूद लगाम खेचतोय, मबरूक त्याला मोजतच नाही, दोरी तोडली, मंडपात शिरला, टेबल आडवं, दूध थोरल्या पंचांच्या मांडीवर, आणि एवढे खजूर सांडलेले, राजाच्या घरचे शोभतील असे, त्यांना तोंड लावलं नाही पठ्ठ्यानं! कनात फाडून सरळ माझ्या खिशात नाक. हजारो माणसांत त्यानं मला ओळखलं, आणि मला सांगतात घोडा बुजतो.

थोरल्या पंचांनी कर्णा हातात घेतला. कपडे झटकत विचारलं, "घोडा कुणाचा?"

मिलूद, जो इतकी वर्षं हसत होता, तो घोड्यावरून काय म्हणाला असेल? "साहेब, मी नुसता बसतो. घोडा दाजींचा." मुकद्दमनं माझ्याकडे बोट दाखवलं. तिकडून गर्दीतून इज्जानंही दाखवलं, घरातलंच आहे ना सगळं! बक्षीस गेलंच, ते सोडा. कर्ण्यावर नाव घेतलं माझं. बुशैब बेन माती, गिरणीवाले, ताबडतोब पुढे या आणि आपला घोडा घेऊन जा. बापाच्या नावासकट. दोनदा. एरवी खरखरणारा कर्णा, त्या दिवशी काय स्वच्छ वाजत होता, पार समुद्रापर्यंत गेलं असेल.

आता आमच्या भागात कुठंही जा, शेंबडं पोरसुद्धा सांगेल घोडा कुणाचा ते. मला कुणी विचारलं तर मी म्हणतो... मिलूदचा.