म्हातारा नावाचा व्हेरिएबल

कोडमधी नाव देताना मस्करी नका करू, बाप्पा. आमच्या पोंभुर्ण्याच्या मच्छीमार सोसायटीसाठी मी मेसेजचं ॲप बनवलं. सभासदाचं नाव जिथी भरते, त्या व्हेरिएबलले मी गमतीनं 'म्हातारा' म्हटलं. एक दिवस काहीतरी बिघडलं, आन् नावाच्या जागी तोच शब्द सगळ्याइले गेला: 'नमस्कार म्हातारा, उद्या तलावावर जाळं टाकायचं आहे.'

बाकीचे हासले. माझे मोठे काका मात्र तलावावर आलेच नाईत. मी घरी गेलो, तर जाळं गुंडाळून ते ओसरीत बसले होते.

"मेसेज वाचला. आता नाई येत मी."

माह्याच्यानं मान वर करवली नाई. "काका, कम्प्युटरची चूक झाली."

"कम्प्युटरनं मले कुठी पाह्यलं रे?"